दूध उकळून पिता ना?

दादा, डॉक्टरांनी प्रश्न तुला विचारला होता. उत्तर मी दिलं.

"घरी जनावरं आहेत का? दूध उकळून पिता ना?" एवढंच विचारलं होतं त्या तरुण डॉक्टरनं, कागदावरून मान वर न करता. तू तोंड उघडणार तेवढ्यात मी मध्ये पडले. "बकऱ्या आहेत, पण दूध आम्ही उकळूनच पितो. मी स्वतः शिक्षिका आहे," म्हणाले. माझी नोकरी कुणी विचारली होती? तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, मग डॉक्टरकडे पाहून मान हलवलीस. "हो जी. उकळूनच."

त्यानं तसं लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेला.

तुझी तेरवी होऊन अजून आठवडाही झाला नाही. पाहुणे पांगले. तुझी पिंकी लेकराला घेऊन पुण्याला परत गेली, बापाचा चष्मा पर्समध्ये टाकून. तळेगावच्या घरात आता वहिनी आहे आणि सुट्टी वाढवून राहिलेली मी. येणारा प्रत्येक जण मला म्हणून गेला, "बहिणीनं भावासाठी लय केलं." वर्ध्यालगतच्या पिपरी मेघ्याच्या माझ्या घरी तुला ठेवून घेतलं, दवाखान्याच्या चकरा मारल्या, नागपूरला तुझ्या खाटेपाशी बसून राहिले, हे सगळं त्यांना दिसलं होतं. मी मान खाली घालून ऐकून घेत होते. लोकांना वाटलं, दुःखानं बोलता येत नसेल.

दुधावरून आपलं भांडण काही आजचं नव्हतं. तू लहानपणापासून बकरीच्या सडाखाली गिलास धरायचास आणि ते फेसाळ, कोमट दूध उभ्या उभ्या पिऊन टाकायचास. आबाही तसंच प्यायचे. ताकदीचं म्हणून आजारी माणसाला मुद्दाम द्यायचे. मी डी.एड. होऊन आले आणि पहिल्यांदा तुला कच्च्या दुधातल्या जंतूंवर धडा दिला, तेव्हा तू म्हणाला होतास, "असन ना बाप्पा जंतू. तेही बिचारे ताकदीसाठीच येत असन." मी चिडले की तू आणखी खुलायचास. "तू काऊन एवढी चिडून राह्यली? वर्गातले पोट्टे पुरत नाई का तुले?" पुढं पुढं तर माझी एस.टी. आल्याचं कळलं की तू दूध गॅसवर चढवायचास, मला दिसेल अशा बेतानं, आणि ते उतू जाईपर्यंत माझ्याकडे पाहून हसत राहायचास. मी गेले की गिलास पुन्हा सडाखाली. हे मला पुरतं ठाऊक होतं, वहिनीच सांगायची.

आणि मागच्या भाऊबीजेला तर मीच प्याले. ओवाळून झालं, तू ताटात ओवाळणी टाकलीस आणि उठून गोठ्यात गेलास. परत आलास तो हातात गिलास घेऊन. "मास्तरीणबाई, आज एक दिवस शाळेले सुट्टी. पे मुकाट्यानं." मी प्याले, दादा. खरं सांगू का, फार छान लागलं. आई होती तेव्हाची चव होती ती. माझ्या ओठावर फेस राहिला तो पाहून तू वहिनीला हाक मारलीस, "पाय वं, मास्तरनीले मिशा फुटल्या." तिघंही हसलो. तुला हसताना पोट धरून हसायची सवय होती.

म्हणजे डॉक्टरनं विचारलं तेव्हा मला माहीत नव्हतं असं नाही. तुझ्याबद्दल माहीत होतं, माझ्याबद्दलही होतं. मग खोटं का बोलले? मी इतक्या वेळा स्वतःला विचारलं आहे की आता उत्तर पाठ झालं आहे. रांगेत आपल्या मागे सातवीतल्या एका मुलीची आई उभी होती. तिला मी पालकसभेत चारचौघांत झापलं होतं. पोरीला कावीळ झाली होती आणि मी म्हणाले होते, "पाणी उकळून द्यायला काय कष्ट पडतात हो तुम्हाला?" ती बाई खाली मान घालून गेली होती. आता तीच माझ्या पाठीशी, कान देऊन. तिच्यासमोर मला, आमच्या घरी कच्चं दूध पितात, असं म्हणवलं नाही. त्या बाईनं नंतर कधी मला ओळखही दाखवली नाही. तिला ते ऐकू तरी गेलं होतं की नाही, देव जाणे.

तू मला खोटं पाडलं नाहीस. ते तू कधीच केलं नव्हतंस. आईनं नैवेद्यासाठी काढून ठेवलेला गूळ मी खाल्ला होता आणि आबांना सांगितलं होतं की बकरीनं खाल्ला, तेव्हाही आबांनी तुझ्याकडे पाहिलं होतं. तू म्हणालास, "हो आबा, बकरीच होती. मी हाकलली." बिचाऱ्या बकरीला रात्रभर लांब बांधलं आबांनी. आपण दोघं गोधडीत तोंड दाबून हसत होतो. तू माझ्याहून थोडाच मोठा होतास, पण त्या दिवसापासून माझ्या बोलण्याला तुझा दुजोरा ठरलेलाच. लोकांपुढं तर हमखास. आष्टीच्या बाजारात ओळखीचा माणूस दिसला की तू त्याला थांबवून सांगायचास, "माही बहीण मास्तरीण आहे पिपरीले." मी बाजूला उभी राहून लाजायचे आणि मनातून सुखावायचे. तू शाळा सोडून संत्र्याच्या बागेत उतरलास म्हणून मी शिकू शकले. पहाटे सायकलच्या दांडीवर बसवून मला एस.टी.पर्यंत सोडणारा तूच. 'मी स्वतः शिक्षिका आहे' हे वाक्य मुळात तुझंच होतं. मी ते तुझ्याविरुद्ध वापरलं.

तुझा आजार मोठा लबाड होता. थंडीत सुरू झाला. संध्याकाळी अंग तापायचं, पहाटे घाम येऊन बनियन पिळून काढायची वेळ यायची, दिवसा तू पुन्हा बागेत. गावातल्या डॉक्टरांचं इंजेक्शन घेतलं की ताप जायचा, पुन्हा यायचा. मग पाठ धरली. तू म्हणालास, ड्रिपच्या नळ्यांची बंडलं उचलली म्हणून. आंबिया बहाराची फुलं झाडांवर आली होती आणि तू बागेतून हलायला तयार नव्हतास. होळीनंतर मी स्वतः आले आणि तुला जवळजवळ ओढतच वर्ध्याला नेलं. ते मी केलं, ते खरं आहे. नेलं मीच आणि तिथं तोंडही मीच उघडलं.

मणक्याच्या तपासणीत दोष दिसला. ताप, घाम, वजन उतरलेलं, मणका खराब. आपल्याकडे असं दिसलं की आधी टी.बी.च आठवतो, आणि बहुतेक वेळा तो असतोही. डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्यांनी ज्या दिशेनं प्रश्न विचारला होता ती वाट मीच बंद केली होती. टी.बी.च्या गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली म्हणून तू घाबरून मला बाथरूमच्या दारातून हाक मारलीस आणि मी बाहेरून ओरडून सांगितलं की ते गोळीचं आहे, रक्त नाही. मग ताप खरंच उतरला. तू माझ्या हातची झुणका-भाकर मागून खाल्लीस. "मास्तरीण, तुह्या घरचं पाणी मानवलं मले," म्हणालास. मी तुला स्कूटरवर बसवून वर्ध्यात फिरवलं. मनात एकदाही आलं नाही, की आपण काही लपवलं आहे. खोटं पचलं होतं, दादा. ते आठवतही नव्हतं.

उन्हाळ्यात तू तळेगावहून फोन केलास. "पोटात काहीतरी चालू राह्यलं." मी आले तेव्हा तू बाजेवर पडला होतास. माझा हात धरून बेंबीच्या वर ठेवलास. "पाय, विहिरीवरची मोटर चालू आहे." हाताखाली खरंच धडधड होत होती, छातीत होते तशी, पण पोटात. तू गंमत म्हणून सांगत होतास.

वर्ध्याला स्कॅन झालं आणि त्याच दिवशी त्यांनी आपल्याला रुग्णवाहिकेनं नागपूरला पाठवलं. तिथल्या सर्जननी आपल्याला समोर बसवून समजावलं. हृदयातून निघून पाठीच्या कण्याला लागून पोटात उतरते ती महाधमनी. सगळ्या शरीराचं रक्त तिच्यातून जातं. तिच्या भिंतीत जंतू शिरला आहे, भिंत आतून पोखरली गेली आहे आणि तिथं फुगा आला आहे. मणक्याचा दोष आणि हा दोष एकाच जंतूचा असावा. टी.बी. क्वचित असं करतो, पण त्यांना खात्री वाटत नव्हती. तू पुढं सरकलास.

"म्हंजे ड्रिपची मेन लाइन फुगली म्हना की."

"अगदी तसंच," ते म्हणाले.

"मंग तेवढा तुकडा कापून नवीन जोड टाका ना जी."

"तेच करायचं आहे, काका. पण जागा सडलेली असताना जोड टिकत नाही. आधी योग्य औषधानं जंतू दाबायचा, मग कापायचं. त्यासाठी तो जंतू कोणता ते कळायला हवं. आणि फुगा फार वेळ देत नसतो."

तू समाधानानं मान हलवलीस. तुझ्या भाषेत बोलणारा डॉक्टर भेटला होता. मग त्यांनी वर्ध्याचे कागद चाळले. "इथं लिहिलंय, बकऱ्या आहेत, दूध उकळून. बरोबर?"

आता तरी बोलायचं, असं खरंच ठरवलं होतं मी. पण तू माझ्याआधी बोललास. "बरोबर जी."

त्या वेळी तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. पाहिलं असतंस तर मला बोलावं लागलं असतं, म्हणून पाहिलं नसशील. आणि मी, वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करणारी, गप्प बसले.

बाहेर येऊन मी चहाच्या टपरीवर गेले. टपरीवाल्यानं दुधाचं पातेलं चढवलं होतं. दूध वर येत होतं, तो आच कमी करत होता, पुन्हा वाढवत होता. मी चहा सांगून ठेवला होता. तो न घेताच परत फिरले आणि सर्जनच्या खोलीबाहेर उभी राहिले. ते ऑपरेशनला गेले होते. मी उभीच राहिले. ते आले तेव्हा दुपार कलली होती.

"सर, ते दुधाचं खोटं आहे. तो कच्चं पितो. लहानपणापासून. आणि थंडीत दोन बकऱ्यांनी गाभ टाकला होता, पिल्लं त्यानंच हातानं ओढून काढली."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बरं झालं सांगितलंत," आणि तिथूनच लॅबला फोन लावला. ब्रुसेलाची तपासणी लावा, रक्ताचं कल्चर लवकर टाकून देऊ नका, जास्त दिवस ठेवा, हा जंतू सावकाश वाढतो. मग मला सांगितलं की हा बकऱ्या-गाईंचा आजार आहे, कच्च्या दुधातून येतो, गाभ टाकलेल्या जनावराला उघड्या हातानं हात लावला तरी येतो. मणक्यात बसायची त्याला खोडच असते. टी.बी.च्या गोळ्यांतली ती लघवी लाल करणारी गोळी याच्यावरही थोडीफार चालते, म्हणून ताप उतरला आणि सगळे फसले. एकट्या तिच्यानं तो मरत नाही, दबून राहतो आणि आत काम करत राहतो.

तपासणीत तोच जंतू निघाला. औषधं बदलली. लाल गोळी याही औषधांत होती. तू ती ओळखलीस. "हे तर जुनी पाहुणी," म्हणालास.

त्या संध्याकाळी तू मला विचारलंस, "सांगतलं का तू डॉक्टरले?"

"हो."

"बरं केलं. मले वाटेच, तू सांगशीन."

"तूच का नाही सांगितलंस?" मी तुझ्यावरच उखडले, काय म्हणावं माझ्या तोंडाला. "जीव तुझा होता ना?"

"तू बोल्ली होती ना तिथं. चार लोकाइत तुले खोटं पाडू का मी?"

तू हे असं म्हणालास, की जणू त्यात विचार करण्यासारखं काही नाहीच. तेव्हा मी तुझे पाय धरायला हवे होते. निदान 'चुकले रे' एवढं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "दुपारची गोळी घेतली का?" तू म्हणालास, घेतली. मग तू संत्र्यांना पाणी कोण देत असेल त्याची काळजी करत राहिलास आणि मी तुझी चादर नीट करत राहिले. ऑपरेशन झाल्यावर बोलू, शांतपणे, घरी गेल्यावर, असं मनाशी ठरवलं होतं. तारीखही ठरली होती.

तारखेच्या आधीच्या सकाळी मी खाली औषधाच्या खिडकीवर होते. तू पाठीत कळ आली म्हणालास, वहिनीकडे पाणी मागितलंस आणि ते येईपर्यंत पांढरा पडलास. डॉक्टर धावत आले, तुला स्ट्रेचरवर घालून ढकलत आत नेलं. मी औषधांची पिशवी घेऊन जिन्यानं वर आले तर खाट रिकामी आणि वहिनी पाण्याचा पेला धरून उभी. फुगा फुटला होता.

नंतर मी सर्जनना विचारलं. होळीनंतर, पहिल्याच वेळी मी खरं बोलले असते तर? ते म्हणाले, "धमनीत तो तेव्हा शिरला होता की नाही, हे आता कुणी सांगू शकत नाही. नुसत्या औषधांवर भागलं असतं, असंही छातीठोक म्हणता येणार नाही. लवकर कळलं असतं तर संधी जास्त होती, एवढं खरं." चांगला माणूस आहे. मला सोडवायला त्याला खोटं बोलता आलं असतं.

आता वहिनीचं सांगते. त्यासाठीच खरं तर बसले आहे.

तू गेल्यापासून ती गोठ्याकडे फिरकली नव्हती. सरकारी पशुवैद्य येऊन बकऱ्यांचं रक्त तपासून गेले, दोष निघाला त्या बकऱ्या वेगळ्या काढून नेल्या. उरलेल्यांना शेजारची माणसं चारा टाकत होती. घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्या असं नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तेरवीच्या गडबडीत ते राहिलं आणि नंतर मी विषय काढला की वहिनी उठून जायची. भर उन्हाळ्यात संध्याकाळी ती अंगावर शाल घेऊन बसायची. मी कपाळाला हात लावायला गेले तर हात झटकला.

परवा सकाळी ती अंगणात तेरवीसाठी मागून आणलेली भांडी घासत होती. परत करायची होती. मी म्हणाले, "वहिनी, उद्या वर्ध्याला जाऊ. तपासून घ्या."

"मले होऊ द्या ना जी काय व्हायचं ते," ती म्हणाली. "म्याच हाक मारली त्यायले बागेतून. बकरी अडून राह्यली, लवकर या, म्हनून. ते आले अन् हात घातला. म्या हाक नसती मारली तं आज..." खीर केलेल्या मोठ्या पातेल्यात, गंजात, हात तसाच ठेवून ती बसून राहिली. "रोज माह्या डोळ्यापुढं तेच येते. त्यायले सुटका नाई भेटली, मले काऊन भेटावी?"

दादा, तेव्हा मला समजलं की ती शाल घेऊन का बसते. तुझं मरण तिनं स्वतःच्या नावावर लावून घेतलं होतं, आणि इतके दिवस मी ते तिच्याकडे राहू दिलं होतं. मला सोयीचं होतं ते. आणि आता ती त्याचीच शिक्षा म्हणून ताप अंगावर काढत होती. तू गेलास तो गेलास, पण माझ्या गप्प बसण्यानं आता तीही जाणार होती.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं. सगळं. डॉक्टर काय म्हणाला, मी काय म्हणाले, तू कशी मान हलवलीस. आजार बकरीकडून आला असेल, दुधातून नाहीतर त्या दिवशी हातातून, त्यात कुणाचाच दोष नाही. पण कळायला उशीर झाला तो माझ्यामुळं. नागपूरला दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही मी गप्प होते, तेही सांगितलं.

ती ऐकत होती. हात गंजातच होता.

"काऊन बोल्ल्या तुमी तसं?" तिनं विचारलं.

"मागे एक बाई उभी होती. शाळेतल्या पोरीची आई. तिची लाज वाटली."

"एका बाईपायी?"

तिनं गंज विसळला, पालथा घातला, दुसरा घेतला. मग मोठमोठ्यानं रडली, तू गेलास तेव्हाही रडली नव्हती तशी. मला जवळ येऊ दिलं नाही. दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुपारी ताट वाढून माझ्यापुढं सरकवलं आणि स्वतः परसात जाऊन बसली. संध्याकाळी मी पिशवी भरली. वाटलं, आता या घरात मला जागा नाही, आणि ते बरोबरच आहे.

काल सकाळी उठले तर ती अंघोळ करून, बाहेरगावी जायचं लुगडं नेसून दारात उभी होती.

"चाला," म्हणाली. "आर्वीवरून वर्ध्याले जानारी एस.टी. लागली असन. तपासून येऊ. तुमचं बी कराचं आहे."

"माझं?"

"भाऊबीजेले कोन पेलं होतं मंग?"

वाटेत ती खिडकीतून बाहेर पाहत होती. आपल्या बागेवरून गाडी गेली तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मी दुसरीकडे पाहिलं. तिनं मला माफ केलं का, मला माहीत नाही. विचारायचा मला हक्क नाही. तिनं माझं तिकीट काढलं, एवढंच सांगू शकते.

दवाखाना तोच, रांग तशीच. या वेळी एक डॉक्टरीणबाई होत्या. वहिनीचं नाव, वय, ताप कधीपासून, सगळं विचारून झालं. मग त्यांनी विचारलं, "घरी जनावरं? दूध उकळून पिता ना?"

प्रश्न तिला होता. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"नाई जी," वहिनी म्हणाली. "कच्चंच पेत आलो. माहे मालकही कच्चंच पेत होते." मग माझ्याकडे बोट केलं. "अन् ह्या मास्तरीन आहे. यायनं बी पेलं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीसुद्धा?"

मी हो म्हणाले. आवाज बसला होता, त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी वर्गात बोलते तसं, मागच्या बाकापर्यंत जाईल असं म्हणाले, "हो. कच्चं दूध. आमच्या घरी कच्चंच पितात."

मागे मोठी रांग होती, दादा. बाया होत्या, म्हातारी माणसं होती, लेकरं रडत होती. मी वळून पाहिलं. कुणीही मान वर करून पाहिलं नव्हतं.